स्नॉर्केल आत जोडलेलाच नव्हता : पिकअपच्या पावसाळी कॉम्बोबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : फोर बाय फोर पिकअपसाठी दिलेला सदोष स्नॉर्केल, चुकीचा सल्ला आणि तीन ईमेलना न मिळालेले उत्तर.

महोदय,

यंदा एप्रिलमध्ये मी तुमच्याकडून माझ्या पिकअपसाठी पावसाळी कॉम्बो घेतला. स्नॉर्केल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी) 16,500, गाडी उंच करणारं दोन इंची लिफ्ट किट 19,900, पुढचा लोखंडी गार्ड 9,500, एलईडी लाइट बार 8,500 आणि फिटिंगचे 4,000, असे एकूण 58,400 रुपये मी एकरकमी भरले. फिटिंग तुमच्याच माणसांनी कोल्हापुरात येऊन केले. पावती सोबत जोडली आहे.

आमचा गोठा आणि शेती गगनबावडा रस्त्याला आहे. वाटेतल्या मांडुकली गावाजवळ पाणी आलं की हा रस्ताच बंद होतो, तेव्हा पुरात गाडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. पण मुख्य रस्त्यावरून गोठ्याकडे उतरताना मधे एक ओढा आहे. जून ते सप्टेंबर त्यातून रोज दोनदा जावं लागतं, कारण दूध थांबत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट आहे. ते दिवस आम्ही पाहिलेत, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी चालढकल करत नाही. ऑर्डर देण्याआधी तुमच्या सल्लागाराला हे सगळं मी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं होतं : गाडीत पेंडीची बारा पोती, म्हणजे 600 किलो, शिवाय दुधाचे कॅन. वाट तांबड्या मातीची आणि उताराची. ओढ्याचं पाणी गुडघ्याएवढं, कधी त्याहून थोडं जास्त. बजेट साठ हजार, त्यापुढे एक रुपया नाही. शेवटी विचारलं होतं, "एवढ्या पैशात आधी काय करू? टायर बदलू का?"

उत्तर आलं, "टायर नंतर घ्या सर, आधी कॉम्बो बसवा, पाण्याचं टेन्शनच जाईल."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि धाकटा भाऊ ओढा पार करून गोठ्यावर गेलो. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं. गाडी नेहमीसारखी पार झाली, पण दुसऱ्या दिवशी चढाला इंजिन दमल्यासारखं वाटलं. उद्यमनगरात आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी एअर फिल्टरची पेटी उघडली. फिल्टरचा कागद खालून दोन बोटं ओला होता, त्याच्या घड्यांमध्ये तांबडा गाळ बसला होता आणि पेटीच्या तळाशी चमचाभर पाणी होतं.

मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी मला गाडी चालू करायला सांगितली, स्टुलावर चढले आणि स्नॉर्केलच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. स्नॉर्केल खरा असेल तर इंजिनाला हवा फक्त तिथूनच मिळते. तोंड बंद केलं की इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. आमचं इंजिन तसंच चालत राहिलं. मी घड्याळ बघत होतो, पूर्ण एक मिनिट. हाताला ओढसुद्धा लागत नव्हती. ते खाली उतरून म्हणाले, "दादा, ही नळी बाहेरनंच हाय. आत जोडलीयच नाही."

मग फेंडरचं आतलं कव्हर काढलं. तुमची नळी पत्र्यातून आत येऊन संपत होती. तिचं तोंड आणि पेटीकडे जाणारी मूळ नळी यांच्यात माझं बोट आरपार जात होतं. रबरी बूट नाही, क्लिप नाही, सिलंट नाही. पेटीच्या तळाचं पाणी निथळायचं भोकही उघडंच होतं. म्हणजे इंजिन पूर्वी जिथून हवा घेत होतं, तिथूनच आजही घेत होतं, आणि मी मात्र हवा छपरावरून येते या भरवशावर भावाला शेजारी बसवून पाण्यात उतरत होतो. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसतं, तेही ऐन ओढ्याच्या मध्यावर. त्या दिवशी आणखी वीतभर पाणी असतं तर मी हे पत्र कशाबद्दल लिहीत असतो, याचा विचार केला की आजही रात्री झोप उडते.

त्याच दिवशी मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. ॲक्सल आणि गिअरबॉक्सला हवा सोडायची बारीक नळी असते, ब्रीदर. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर तिथून पाणी ओढलं जातं. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल काढलं तर ते पाणी मिसळून दुधाळ झालेलं. साधी रबरी नळी लावून ब्रीदर वर बांधून घ्यायला मला नळी, क्लिपा आणि मजुरी धरून 900 रुपये लागले. पाण्यातून जाणाऱ्या गाडीला सगळ्यात आधी करायचं काम हे, असं ते म्हणाले. तुमच्या 58,400 रुपयांत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

आता लिफ्ट किट. तुम्ही पुढे स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, आणि मागे लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगचे पाटे टांगायच्या कड्या, दिल्या. गाडी उंच दिसते हे खरं, पण मला ओझं वाहायचं होतं आणि ते मी सांगितलं होतं. शॅकल लांब केल्याने फक्त उंची वाढते, पाट्यांची ताकद होती तेवढीच राहते. बारा पोती टाकली की मागची बाजू पूर्वीइतकीच दबते. त्याला मागे एक जादा पाटा लागतो, आणि तोही नोंदणी पुस्तकातल्या वजनाच्या मर्यादेत राहून. पुढे स्पेसरमुळे सीव्ही जॉइंटचा, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या जोडाचा, कोन वाढला, तीन हजार किलोमीटरच्या आत डाव्या बाजूचं रबरी बूट फाटलं आणि ग्रीस चाकाच्या आतल्या अंगाला उडालं. फिटिंगनंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यायला कोणी सांगितलं नाही, म्हणून पुढचे दोन्ही टायर एका कडेने खाल्ले गेले. बूट आणि अलाइनमेंटचा खर्च 4,600 रुपये, पावती जोडली आहे.

लोखंडी गार्ड मी बसवूच दिला नाही. असे गार्ड नियमात बसत नाहीत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. तो खोक्यासकट गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवला आहे. लाइट बारबद्दल तक्रार नाही. रिले आणि फ्यूज नीट बसवलेत, मी तो रस्त्यावर लावत नाही, गोठ्यावर उतरल्यावर लावतो.

माझा खरा राग टायरवरून आहे, कारण तो प्रश्न मी स्वतः विचारला होता. माझे टायर 245/70 आर 16, रस्त्याच्या नक्षीचे. तांबड्या चिखलात त्यांच्या खाचा पहिल्या दहा फुटांत भरतात. मग फोर बाय फोर लावलं तरी चारही चाकं जागच्या जागी फिरतात, जमीन धरतच नाहीत. याच मापाचे, तेवढंच वजन पेलणारे चिखलातही पकड धरणारे चार ऑल टेरेन टायर माझ्या बजेटात बसत होते. त्यात ब्रीदर आणि एक जादा पाटा धरला असता तरी साठ हजारांच्या आत काम झालं असतं आणि गाडी रोज कामाला आली असती. उलट तुमच्या सल्लागाराने नंतर 265/75 आर 16 घ्यायला सुचवलं. हिशोब करा : चाकाची उंची 749 मिलिमीटरवरून 804 होते. काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी 86 च्या आसपास धावत असेल, आणि भरल्या गाडीने चढ चढताना जोर कमी पडेल तो वेगळाच. दुधाचे कॅन घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाला हा सल्ला देताना आधी विचार करायला हवा होता.

मी 9 जुलै, 16 जुलै आणि 2 ऑगस्टला ईमेल केले. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ईमेलना पोचसुद्धा आली नाही. फोनवर एकदा एवढंच ऐकलं की फिटिंग झालेला माल परत घेत नाही. स्नॉर्केल न बसवता तो आत जोडला जातो की नाही हे ग्राहकाने कसं तपासायचं? आणि जोडायचं काम तर तुमच्याच माणसांचं होतं.

माझ्या मागण्या अशा. स्नॉर्केलचे 16,500 आणि फिटिंगचे 4,000 परत करावेत. लिफ्ट किट काढून नेऊन त्याचे पैसे द्यावेत, आणि वर लिहिलेले 4,600 भरून द्यावेत. गार्ड स्वखर्चाने उचलून न्यावा आणि त्याचे 9,500 परत करावेत. आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे, ज्यांनी हाच स्नॉर्केल घेतलाय त्या प्रत्येकाला फोन करून पाण्यात गाडी घालण्याआधी तोंडावर हात ठेवून तपासायला सांगावं. पैशाची बोलणी आठवडाभर पुढे गेली तर चालेल, पण हे फोन आजच व्हावेत. पाऊस अजून संपलेला नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथे ती करता येते.

नळीचा जोड मी अजून बदललेला नाही. तुमचा माणूस उद्यमनगरात पाठवा. गाडी त्याच्यासमोर चालू करतो, हात त्याने स्वतः ठेवावा.

आपला ग्राहक,
(सही)
कोल्हापूर

सोबत : पावत्यांच्या प्रती, व्हॉट्सअॅपवरचा संवाद, ओल्या फिल्टरचे आणि उघड्या जोडाचे फोटो.