खडूची खूण

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पानं मिळाली. समोरासमोर बोलता आलं असतं, पण लिहून दिलंस ते बरं केलंस. बोलताना मी मध्येच तोंड घालतो, कागदापुढे ते चालत नाही. म्हणून मीही लिहूनच उत्तर देतोय.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं: वर्गात वेळ फुकट जातो. फळ्यावर तासभर जे चालतं ते तू घरी व्हिडिओ बघून वीस मिनिटांत शिकतेस. अडलं तर मागे नेऊन पुन्हा बघता येतं. शिवाय तू 'बघून शिकणारी' आहेस, ऐकून नव्हे. तेव्हा वर्षभर वर्ग सोडून आपल्या पद्धतीनं शिकायची परवानगी हवी.

आयुष्यभर वर्गात शिकवून पोट भरलेल्या माणसाला हे वाचून राग यायला हवा होता. आला नाही. जरा वाईट वाटलं इतकंच, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे.

मी छान शिकवायचो, असं माझे विद्यार्थी सांगतात. मुलं मान डोलवायची, मलाही बरं वाटायचं. पण घटक चाचणीत तेच गणित जरा फिरवून घातलं की निम्म्या वह्या कोऱ्या. मी म्हणायचो, मुलं अभ्यास करत नाहीत. दोष माझ्या छान शिकवण्यातच असेल ही शंका यायला मला पंधरा वर्षं लागली. ती आली एरिक माझूर यांच्याबद्दल वाचून. हे हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात आणि मुलं त्यांना भरभरून चांगला शेरा द्यायची. १९९०च्या सुमारास त्यांनी आपल्याच वर्गाला अगदी प्राथमिक प्रश्न विचारले. जड ट्रक आणि हलकी गाडी यांची धडक झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी, सूत्रं वापरून अवघड उदाहरणं सोडवणारी मुलं तिथे पडली. दोन्ही बलं सारखीच असतात, हे पुष्कळांना पटलेलंच नव्हतं. माझूर यांनी फळ्यावर दोनदा समजावलं, तरी चेहरे कोरेच. शेवटी हात टेकून ते म्हणाले, आता आपापसात बोला. वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत मुलांनी एकमेकांना पटवून दिलं. ज्याला नुकतं समजलंय त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं. शिकवणारा ते कधीच विसरून गेलेला असतो. पुढे माझूर यांनी सगळा वर्गच तसा चालवायला घेतला: घरी वाचून या, वर्गात प्रश्नावर भांडा.

म्हणजे वर्गाबद्दल तुझी तक्रार मला मान्य आहे. माझी अडचण तुझ्या व्हिडिओबद्दल आहे. अगं, जो दोष माझ्या तासात होता तोच त्यात आहे, फक्त जास्त देखणा.

तुझ्या सायकलच्या मागच्या चाकाला आऊट आला होता, म्हणजे ते फिरताना डोलत होतं, आठवतं? मी म्हटलं, आपणच काढू. एक व्हिडिओ मी चार वेळा बघितला. सायकल उलटी ठेवायची, चाक फिरवायचं, फ्रेमला हात टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा. चाक जिथे बाहेर आलंय तिथे खडूची खूण उमटते. खूण उजव्या बाजूला उमटली तर तिथले डावीकडचे स्पोक आवळायचे, उजवीकडचे तेवढेच सैल करायचे, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. सगळं कळलं. अर्ध्या तासानं चाक आधीपेक्षा जास्त डोलत होतं आणि तू दारात उभी राहून हसत होतीस.

झालं होतं असं की निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचा छोटा नट, कुठल्या दिशेला फिरवलं की आवळलं जातं, हे एका बाजूनं बघताना आणि दुसऱ्या बाजूनं बघताना उलटं दिसतं. मी आवळायचं तिथे सैल करत होतो. व्हिडिओतल्या माणसाचा हात बरोबर दिशेलाच फिरत होता, त्यामुळे 'कुठल्या दिशेला?' हा प्रश्नच मला पडला नव्हता. चांगलं शिकवणाऱ्याकडून शिकताना हाच धोका असतो. त्याला पडत नाहीत ते प्रश्न आपल्यालाही पडत नाहीत, आणि आपल्याला वाटतं, आलं.

हे 'आलं' वाटणं किती फसवं असतं, हे लोकांनी मोजून बघितलंय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींना तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचायला लावला. काहींना एकाच बैठकीत वाचायला दिला, आणि नंतरच्या तीन बैठकांत आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवत होतं, नुसतं वाचणाऱ्यांना ४०. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल असं वाटत होतं ते वाचणाऱ्यांनाच. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसली. गटात बसून, धडपडत उदाहरणं सोडवणारी मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलटं.

तेव्हा तुझी ती वीस मिनिटं. मी त्यांना खोटं म्हणत नाही. फक्त व्हिडिओ संपल्यावर लॅपटॉप मिटून कोऱ्या कागदावर काय उतरतं, तेवढंच मला बघायचंय. आणि लगेच नाही, चार दिवसांनी.

'बघून शिकणारी' हे मात्र सोडून दे. कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हातानं, आणि ज्याला त्याला त्याच्या वाटेनं शिकवलं की जास्त येतं, ही कल्पना शिक्षकांत फार लाडकी आहे. मीही प्रशिक्षणात तिच्यावर टाळ्या वाजवल्यात. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी तिच्या बाजूचे पुरावे तपासले, तेव्हा धड म्हणावा असा पुरावा जवळजवळ सापडलाच नाही. आवड असते, ती वेगळी गोष्ट. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते आणि कवितेला कान.

आता तू म्हणशील, बाबा शेवटी शाळेच्याच बाजूनं बोलणार. तसं नाही. शाळेच्या चौकटीबाहेर लोकांनी काय काय करून बघितलंय ते वाचलं की मला अजूनही हेवा वाटतो. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा हे किती सरळ! आणि माँटेसरीबाई. त्या मूळच्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साहित्यात लाकडाचा एक ठोकळा असतो, त्यात दहा भोकं आणि दहा दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एखादा बसतच नाही. बाईंनी 'चुकलं' म्हणायची गरज नाही, ठोकळाच सांगतो. मूल स्वतःच सगळे काढून पुन्हा बसवायला घेतं.

परवा चाकाशी झटताना हा ठोकळा मला आठवला. चाक बिघडवलं मीच, पण खडूनं ते लगेच दाखवलं, म्हणून संध्याकाळपर्यंत दिशेचा घोळ सुटला. तेव्हा तुझ्या प्रत्येक विषयाला मी एवढंच विचारणार आहे: इथे खडू कोण धरणार? प्रोग्रॅमिंगमध्ये प्रश्नच नाही, चुकलं की प्रोग्रॅम अडतो, नाहीतर भलतंच उत्तर देतो. गणितात मागे उत्तरं असतात, ताळा करता येतो. पण निबंध? इतिहासातला युक्तिवाद? इंग्रजी उच्चार? तिथे आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही. माणूस लागतो.

आणि ते तुझं चॅटचं यंत्र. त्याला उत्तर विचारशील तर ते माझ्यापेक्षाही छान शिकवेल, आणि वर सांगितलेलंच होईल. आधी आपलं उत्तर लिही, मग कुठे चुकलं ते त्याला विचार. त्याच्या सांगण्यालाही खडू लावायला विसरू नकोस, तेही ठामपणे चुकतं.

एकट्यानं शिकलेल्यांत माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे विजेवर मोठे शोध लावणारा मायकेल फॅरडे. तुझ्या पत्रात त्याचं नाव आहे, 'तो कुठे शाळेत गेला होता' या वाक्यात. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा, हे सगळे सांगतात. पण पुढचं बघ. वाचलेलं खरं का, हे तो जमेल तेवढ्या सामानात स्वतः करून बघायचा. दर आठवड्याला जमणाऱ्या तरुणांच्या एका मंडळात जायचा, तिथे सभासद आळीपाळीनं व्याख्यान देत. लिहिणं सुधारावं म्हणून एका मित्राला त्यानं चुका दाखवायच्या कामाला लावलं होतं. १८१२ साली एका गिऱ्हाइकानं त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेनं टिपणं घेतली, घरी आकृत्यांसकट नीट लिहून काढली, त्यांचं सुमारे तीनशे पानांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला मदतनीस म्हणून घेतलं. शाळा फारशी झाली नाही हे खरं, पण एकटा कुठे होता तो?

आणि एक राहून गेलं ते राहूनच गेलं. गणित. आपल्याला काय शिकायचं ते आपणच ठरवलं की जे नकोसं वाटतं ते हळूच गळतं. १८५७ साली, साठी उलटल्यावर, त्यानं मॅक्सवेल या तरुण शास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं की गणितातून काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही तितकेच स्पष्ट मांडता येणार नाहीत का? एवढा मोठा माणूस, आणि स्वतःच्याच शोधांवरची समीकरणं त्याला वाचता येत नव्हती. तुझं गळणार ते रसायनशास्त्र. नाही म्हणू नकोस, वही मी बघितली आहे.

सुगाता मित्रांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं काम आहे. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला त्यांनी भिंतीत एक संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कोणी न शिकवता तो चालवायला शिकली. हे तुला माहीत आहे. पुढे तमिळनाडूतल्या एका खेड्यात त्यांनी मुलांपुढे जीवशास्त्राचा बराच वरच्या वर्गाचा विषय ठेवला. मुलं आपली आपण ३० टक्के गुणांपर्यंत पोचली. मग तो विषय अजिबात न येणाऱ्या एका तरुणीला त्यांनी सांगितलं, तू फक्त मागे उभी राहा, कौतुक कर, 'हे कसं केलंत, मला सांगा ना' असं विचार. मुलं ५० पर्यंत गेली, असं मित्रा सांगतात. या प्रयोगांवर शंका घेणारे पुष्कळ आहेत आणि आकडे मीही जरा हात राखूनच घेतो. पण मागे उभं राहून विचारणाऱ्या माणसाची जागा रिकामी असेल, तर माझा अर्ज घे.

तर मी वर्षाला हो म्हणत नाही, तीन महिन्यांना म्हणतो. या तीन महिन्यांत प्रयोगशाळेचे तास चुकवायचे नाहीत. परीक्षानळी तापते कशी, हे पडद्यावर कळत नाही. तुझ्याबरोबर निदान दोघं हवीत, आठवड्यातून एकदा बसून वाद घालायला, आणि त्यातलं एक तुझ्या मताचं नसलेलं बघ. आणि दर रविवारी सकाळी तू मला शिकवायचंस, पुस्तक मिटून. आधीच्या आठवड्याचं नाही, त्याच्याही आधीच्या आठवड्याचं. मी मध्ये बोलणार नाही. एवढी वर्षं बोललोय, तेव्हा हे मला जड जाईल, पण तुझ्या आईनं माझ्यावर नजर ठेवायचं कबूल केलंय.

तीन महिन्यांनी काय ते ठरवू. तेव्हा मलाही चूक कबूल करावी लागली तर करीन.

चाक अजून दोनेक मिलिमीटर डोलतंय. उरलेलं तू काढ. सायकल गॅलरीत उलटीच ठेवली आहे, स्पोकची चावी आणि खडू सीटखालच्या डब्यात आहेत. व्हिडिओ बघायचा तर एकदाच बघ.

तुझा,
बाबा

ता. क. निपल फिरवण्याआधी एकदा टायरच्या बाजूनं बघून घे. मी तिथेच फसलो होतो.