गुलमर्गचा राखाडी बर्फ आणि काळवंडलेले चेहरे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेली सहलीची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, ती मी न चुकता पाहतो. गेल्या रविवारी त्यात काश्मीर आणि हिमाचलातल्या बर्फातली नऊ छायाचित्रे होती. त्यांपैकी सात छायाचित्रांत माणूस कोण हे चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते. भाड्याने घेतलेला लालभडक कोट, गमबूट आणि त्यांच्या वर एक काळपट गोळा, एवढेच दिसत होते. मागचा बर्फही पांढरा नव्हता, पावसाळी ढगाच्या रंगाचा होता. मी साताऱ्यात सदतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला आणि पाच वर्षांपूर्वी बंद केला. पण फोटो हातात आला की आधी चेहरा बघायचा ही सवय काही गेलेली नाही. म्हणून हे पत्र.

या छायाचित्रांचा दोष ती काढणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. माणसे हौसेने एवढ्या लांब जातात, हात गारठलेले असताना फोन काढतात, आणि फोन त्यांना फसवतो. कसा फसवतो, ते सांगतो. कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर बर्फ आहे की कोळशाची वखार आहे, हे कळत नाही. तो फक्त समोरून परत येणारा उजेड मोजतो आणि सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असणार असे धरून चालतो. स्टुडिओत आम्ही ज्याला ग्रे कार्ड म्हणतो ते पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के उजेड परत फेकते. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत फेकतो. अठराची दुप्पट छत्तीस, छत्तिसाची दुप्पट बहात्तर. उजेडाच्या एका दुपटीला आम्ही एक स्टॉप म्हणतो, म्हणजे आमच्या भाषेत पुरते दोन स्टॉप आणि वर थोडा, एवढा बर्फ मीटरच्या गृहीतकापेक्षा उजळ असतो. मीटर समजतो की उजेड फार झाला, आणि त्या बेताने तो सगळे चित्र खाली ओढतो. बर्फ राखाडी होतो, आणि मुळात बर्फापेक्षा कितीतरी गडद असलेला आपला गव्हाळ किंवा सावळा चेहरा त्याच्याबरोबर आणखी खाली जाऊन बुडतो.

यावरचा उपाय अजब वाटावा असा उलटा आहे. डोळे दिपवणाऱ्या उजेडात उभे असताना कॅमेऱ्याला सांगायचे, की अजून उजेड घे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असे चिन्ह असलेले बटण असते, ते अधिक एक ते अधिक पावणेदोनपर्यंत न्यावे. पूर्ण दोन किंवा त्याहून जास्त दिले तर बर्फावरची कणी, वाऱ्याने पडलेल्या लाटा, पावलांचे काठ हे सगळे पुसले जाऊन कोरा कागद उरतो, म्हणून थोडे हातचे राखायचे. फोनमध्ये पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून क्षणभर दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, तिथे पक्के होते आणि बाजूला छोटा सूर्य दिसतो. तो चेहरा उजळेपर्यंत वर सरकवावा. हल्लीचे फोन एका क्षणात अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतात, चेहरा हुडकून त्याला सांभाळतात, हे मला मान्य आहे. पण कानटोपी, मफलर आणि काळा गॉगल यांच्यामधून दोन इंच गाल बाहेर राहिलेला असेल, तर त्या हुशारीलाही चेहरा सापडेलच असे नाही.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी आमची जुनी युक्ती तळहाताची. समोरच्या माणसावर जसा उजेड पडतो आहे तसाच आपल्या तळहातावर पडेल असा हात धरावा, त्यावरचा उजेड मीटरने मोजावा आणि एक स्टॉप वाढवावा. कातडीचा रंग कोणताही असो, तळहातात फारसा फरक नसतो, म्हणून ही युक्ती सगळ्यांना चालते. गव्हाळ चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन थेट त्याचेच मीटर केले, तर बहुधा वेगळे काही वाढवावे लागत नाही. फक्त हातमोजा काढावा लागतो, आणि गुलमर्गला जानेवारीत ते किती जिवावर येते हे मी गेल्या वर्षी अनुभवले.

बर्फ कॅमेऱ्याला फसवतो, पण फोटोवाल्याचा तो मोठा मित्रही आहे, ही गोष्ट आपल्या पुरवणीतल्या एकाही छायाचित्रात वापरलेली दिसली नाही. लग्नाच्या कामात आम्ही थर्मोकोलचा पांढरा पत्रा घेऊन पोऱ्याला नवरीच्या समोर उभा करायचो, कशासाठी? डोळ्यांखालची आणि नाकाखालची सावली उजळावी म्हणून. बर्फात तो थर्मोकोल क्षितिजापर्यंत अंथरलेलाच आहे. म्हणून माणसाला सूर्याकडे तोंड करून उभे करू नये. तसे केले की डोळे बारीक होतात, कपाळावर आठ्या येतात आणि गालावर नाकाची कडक सावली पडते. त्याची पाठ सूर्याकडे करावी आणि त्याच्या समोर उन्हातला मोकळा, न तुडवलेला बर्फ राहील असे पाहावे. केसांच्या कडेला उन्हाची झालर येते आणि चेहऱ्यावर समोरच्या बर्फाचा मऊ उजेड येतो. मागून ऊन असताना मीटर आणखी फसतो, म्हणून इथे दीड स्टॉपापर्यंत वाढवायला कचरू नये.

यात एक खोच आहे. हा उजेड खालून येतो. संगीत नाटकांच्या जमान्यात रंगमंचाच्या काठाला दिवे असत आणि त्यांच्या उजेडात राजबिंडा नटही थोडा भुतासारखा दिसे, तसे बर्फातही होते: हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, डोळे मागे जातात. माणसाला मान किंचित खाली घ्यायला सांगावे आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जरासा वर धरावा, म्हणजे हे बरेच आटोक्यात येते. लाल कोट घातलेला असेल तर त्याचा तांबूसपणा हनुवटीवर चढतो, हेही ध्यानात ठेवावे. कोट भाड्याने घेतानाच करडा किंवा निळा मागावा असे मी म्हटले असते, पण तिथे मापाचा मिळाला तरी पुष्कळ असते.

ढगाळ दिवशी लोक हिरमुसतात आणि फोटोच काढत नाहीत. चेहऱ्यासाठी तोच दिवस उत्तम. सगळे आभाळच एक मोठा दिवा होते आणि सावल्या गळून पडतात. अडचण एवढीच, की आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होऊन माणूस कोऱ्या कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी मागे देवदाराचे खोड, लाकडी घराची भिंत किंवा चरणारे घोडे असे काहीतरी गडद घ्यावे. बर्फ पडत असेल तर फ्लॅश बंद करावा. जवळचे कण त्या उजेडात पेटून चेहऱ्यावर पांढऱ्या फुल्या पडल्यासारखे दिसतात.

रंगाबद्दल थोडे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. उन्हाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा धरतात. सावलीत मात्र निळ्या आभाळाचा उजेड पडतो आणि तो ७००० च्या पुढे जातो. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, रोहतांग ३९७८ मीटरवर. तिथली हवा विरळ आणि आभाळ गडद निळे असल्यामुळे देवदाराच्या सावलीतला चेहरा थंडीने निळा पडला की उजेडाने, असा प्रश्न पडतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची जुळणी, ‘सावली’ किंवा ‘ढगाळ’ वर ठेवला की चेहऱ्याला ऊब येते. मागच्या बर्फात थोडी निळाई उरली तर ती काढण्याच्या मागे लागू नये, कारण थंडी दाखवणारी तीच आहे.

एक जुना अनुभव इथे सांगतो. नव्वदच्या दशकात कुलू-मनालीला जाऊन आलेली नवी जोडपी माझ्याकडे रोल टाकत आणि मी ते शहरातल्या एका रंगीत लॅबकडे पाठवत असे. एका जोडप्याचे छत्तीसच्या छत्तीस प्रिंट राखेसारखे आले. मुलगी हिरमुसून म्हणाली, “काका, आम्हाला कॅमेराच नीट धरता येत नाही.” मी निगेटिव्ह उजेडाच्या टेबलावर ठेवून भिंगातून पाहिली: बर्फ दाट काळा (निगेटिव्हमध्ये उजळ ते काळे दिसते), चेहऱ्यांत भरपूर तपशील. म्हणजे एक्स्पोजर चोख होते. चूक प्रिंट करणाऱ्या यंत्राची होती. तेही कॅमेऱ्यासारखीच सरासरी काढायचे. निगेटिव्ह दाट दिसली की कागदाला जास्त उजेड द्यायचे, आणि प्रिंटच्या कागदाला जितका जास्त उजेड तितका तो गडद होतो, म्हणून बर्फाला राखाडी करून ठेवायचे. यंत्रावरच्या माणसाने पडद्याकडे बघून डेन्सिटीचे, म्हणजे गडदपणा कमी-जास्त करण्याचे, बटण दोन-तीनदा दाबायचे असते, ते त्याने दाबले नव्हते. विचारल्यावर म्हणाला, “बर्फाचे फोटो असेच येतात.” मी रोल परत पाठवला आणि दुसऱ्या खेपेला बर्फ पांढरा आणि मुलगी ओळखू येण्याजोगी आली. “असेच येतात” हे वाक्य मला आजही फोनवाल्यांच्या तोंडून ऐकू येते.

आता आपल्या कार्यालयाकडे वळतो, रागावू नये. वर्तमानपत्राचा कागद पांढरा नसतो, मळकट पिवळसर असतो, आणि त्यावर छापलेला बर्फ त्या कागदापेक्षा पांढरा होऊच शकत नाही. शिवाय हा कागद शाई पितो, छपाईचे ठिपके पसरतात आणि मधल्या छटा मूळ चित्रापेक्षा गडद उतरतात. चेहरा नेमका याच मधल्या छटांत असतो. म्हणजे फोनने एकदा बुडवलेला चेहरा छपाईत दुसऱ्यांदा बुडतो. पान लावणाऱ्यांनी बर्फातल्या चित्रांच्या फक्त मधल्या छटा थोड्या उचलून दिल्या, बर्फाला हात लावला नाही, तरी निम्मे काम होईल. अंधाऱ्या खोलीत आम्ही हे तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची टिकली लावून करत असू; निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली ती चेहऱ्यावर काही सेकंद हलवत धरली की तेवढाच चेहरा उजळ येई, आणि हात थांबला की कडेला वर्तुळ उमटून लबाडी उघड होई.

मात्र उचलणे आणि गोरे करणे यांत फरक आहे. गेल्या रविवारच्या नऊपैकी उरलेल्या दोन छायाचित्रांतले चेहरे दिसत होते खरे, पण ते फोनच्या ‘ब्यूटी’ फिल्टरने घासून बर्फाच्याच रंगाचे केलेले होते. गालावर रंध्र नाही, नाक थंडीने लाल झालेले नाही, कुंकू तेवढे हवेत तरंगते आहे. बर्फात सावळा चेहरा काळवंडतो तो उजेड मोजण्याच्या चुकीमुळे, सावळा असल्यामुळे नव्हे. फिल्मच्या काळात कोडॅकच्या रंगाचा मेळ घालण्यासाठी प्रयोगशाळांत एका गोऱ्या तरुणीचे चित्र संदर्भाला ठेवत, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या मापाने आपल्या कातडीचे तपकिरी रंग नीट येत नसत आणि आम्ही हातानेच फिल्टर बदलत बसायचो. आज उजेड दीड स्टॉप वाढवून जे साधते, त्यासाठी पुन्हा कातडीचाच रंग बदलायचा, हे मला पटत नाही. आपण वाचकांकडून छायाचित्रे मागवता तेव्हा ‘चेहऱ्यावर फिल्टर वापरलेला नसावा’ आणि ‘बर्फात एक्स्पोजर एक ते दीड वाढवावे’ अशा दोन ओळी चौकटीत छापाव्यात, ही माझी विनंती.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. फोन आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवला आणि लागेल तेव्हाच काढला तर ती टिकते. खोलीत परतल्यावर कॅमेरा उघडा ठेवला तर त्यावर दव धरते, म्हणून बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत आणावा आणि तासाभराने सोडावा.

हा सगळा सराव करायला काश्मीरला जाण्याची गरज नाही. आमच्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दव गोठते, ते पाहायला पहाटे गर्दी होते, पण तो पांढरा थर सराव करण्याइतका जाड नसतो. मी गुलमर्गला जाण्याआधी भर दुपारी गच्चीवर धुतलेली पांढरी चादर पसरली, नातीला तिच्यावर बसवले आणि आधी फोन सांगेल तसा, मग सूर्य वर सरकवून, असे दोन फोटो काढले. पहिल्यात चादर मळकी आणि नात घुश्श्यात दिसते. दुसऱ्यात चादर धुतलेली आहे आणि नात हसत होती हे कळते. दोन्ही फोटो पत्रासोबत जोडले आहेत, मागे पेन्सिलीने ‘शून्य’ आणि ‘अधिक दीड’ असे लिहिले आहे. छापायचे ठरलेच, तर शेजारीशेजारी छापावेत आणि पहिला फोटो कृपया कोणी सुधारू नये.

आपला,
एक निवृत्त स्टुडिओवाला, सातारा