तक्रारीवर आवक शिक्का मारायला सांगा, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. उच्च शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,
सादर नमस्कार.

मी इंदूरला वकिली करते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. तशी बाहेरची सदस्य म्हणून शहरातल्या काही कॉलेजांत मी बसले आहे, आणि तिथे जे पाहिलं त्याबद्दल हे पत्र आहे. समित्या आहेत. त्यांचे फलकही बहुतेक ठिकाणी लागलेले आहेत. पण मुलगी आणि समिती यांच्या मधल्या वाटेवर तक्रार अडवली जाते, आणि अडवणाऱ्याला जाब विचारणारं कुणी नाही.

एक प्रकरण सांगते. कॉलेजचं नाव घेत नाही, मुलीची ओळख पटेल असंही काही लिहीत नाही. मुलगी निमाडातली, होस्टेलला राहणारी. एका शिक्षकाविरुद्ध तिने दीड पानी अर्ज लिहिला आणि कार्यालयात नेऊन दिला. बाबूने तो वाचला, घडी घातली आणि "मॅडमना दाखवून घेतो" म्हणत ड्रॉवरमध्ये ठेवला. आवक क्रमांक नाही, शिक्का नाही, पोच नाही. मग वॉर्डनने खोलीत बोलावून समजूत घातली. मग विभागप्रमुखांनी परीक्षा तोंडावर आल्याची आठवण करून दिली. शेवटी "घरी कळवायचं का?" असा प्रश्न आला. काळजीने विचारलेला वाटतो तो, पण ती धमकी आहे हे कुठल्याही मुलीला कळतं, कारण घरी कळलं की शिक्षण बंद.

तो कागद आमच्या समितीपुढे आला तेव्हा तीन महिने उलटून गेले होते आणि तक्रार मुदतीत नाही असं कॉलेजचं म्हणणं होतं. अर्ज देताना सोबतच्या मैत्रिणीने मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्या फोटोच्या तारखेवर आम्ही तक्रार दाखल करून घेतली. मैत्रीण तेवढी हुशार निघाली नसती तर कॉलेजच्या दफ्तरी असं काही घडलंच नव्हतं.

आयोगाचे हे नियम 2015 चे, अधिसूचना 2 मे 2016 ची. तक्रारीला घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चौकशी 90 दिवसांत संपवायची, पुढच्या 10 दिवसांत अहवाल द्यायचा आणि कुणी अपील केलं नाही तर 30 दिवसांत त्यावर कारवाई करायची. हे सगळे दिवस मोजायला एक सुरुवात लागते, आणि ती सुरुवात म्हणजे कार्यालयातला आवक शिक्का. तोच मारला नाही तर पुढचे सगळे दिवस हवेत.

मुदत किती कठोर असते हे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2025 च्या निकालात दिसलं. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. शेवटची घटना एप्रिल 2023 ची, तक्रार डिसेंबरची. ती मुदतबाह्य ठरली. हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडाटात नोंदवावा असं न्यायालयाने सांगितलं, पण चौकशी काही झाली नाही. ती तर प्राध्यापिका होती. आमच्या मुलींचे अंतर्गत गुण त्याच शिक्षकाच्या हातात, संशोधन करणाऱ्या मुलीच्या प्रगती अहवालावर त्याच मार्गदर्शकाची सही. अशी मुलगी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत गप्प बसते यात नवल काय? तक्रार चालू असताना त्या शिक्षकाला तिचे पेपर तपासण्यापासून, तिचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं, तशी तरतूद नियमांत आहे. माझ्यासमोर ती एकदाही कुणी आपण होऊन वापरली नाही. दरवेळी मला मागावी लागली.

वॉर्डनचंही सांगायला हवं, कारण बलात्कारासारखा गुन्हा घडतो तेव्हा मुलगी आधी तिच्याकडेच धावते. त्या वेळी करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मुलीचं ऐकायचं. तिची तयारी असेल तर कपडे न धुता, आंघोळ न करता तिला एम.वाय. या इंदूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायचं. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर अशा वेळी ताबडतोब आणि मोफत उपचार करण्याचं कायद्याचं बंधन आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मुलीला पोलिसांत जायचं असेल तर तिला मदत करणं हे संस्थेचं कर्तव्य आहे, आणि समितीची चौकशी हा पोलिसांना पर्याय नाही. पण हे वॉर्डनला शिकवलंय कुणी? ती बऱ्याचदा कंत्राटावर असते. समितीतही मला अतिथी विद्वान, म्हणजे सत्रापुरत्या नेमलेल्या शिक्षिका, भेटल्या आहेत, ज्यांचं पुढच्या सत्राचं काम प्राचार्यांच्या मर्जीवर चालतं. त्यांनी संस्थेच्या विरोधात लिहावं अशी अपेक्षा करायची आणि त्यांच्या नोकरीला संरक्षण द्यायचं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

घटना बाहेर फुटली की संस्था पहिली गोष्ट कुठली करतात? मुलींच्या होस्टेलचं फाटक लवकर बंद करतात. सप्टेंबर 2017 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात छेडछाडीची तक्रार करणाऱ्या मुलीलाच उशिरा बाहेर का होतीस असं विचारलं गेलं आणि आंदोलन करणाऱ्या मुलींवर लाठ्या चालल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच परिसरातल्या आयआयटीच्या विद्यार्थिनीवर सामूहिक अत्याचार झाला. तेव्हा आयआयटी आणि विद्यापीठाच्या मधे भिंत बांधायचा विषय लगेच निघाला, आरोपी पकडायला मात्र जवळजवळ दोन महिने लागले. सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नयेत, असं आयोगाच्या त्याच नियमांत स्वच्छ लिहिलं आहे. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या एखाद्या होस्टेलच्या भिंतीवर ते वाक्य लावलेलं आपण पाहिलं आहे का? मी नाही पाहिलं.

आता उलट बाजू, जी मला वकील म्हणून फार महत्त्वाची वाटते. घाईघाईने उरकलेली चौकशीसुद्धा मुलीचा घात करते. गोवा विद्यापीठात 2009 साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने शेवटी सुनावण्यांचा धडाका लावून चौकशी संपवली, त्या शिक्षकाला बडतर्फ केलं गेलं. 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण त्याला आपली बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा समितीकडे आलं. त्या मुलींनी आता पुन्हा येऊन सगळं सांगायचं? म्हणून आरोपीला कागद देणं, त्याला उलट प्रश्न विचारू देणं, मुलीला त्याच्यासमोर न बसवता ते लेखी करून घेणं, हे सगळं काटेकोर झालंच पाहिजे. त्यात मुलीचंच हित आहे. आमच्या इथे एका सुनावणीच्या दिवशी दोघांना एकाच बोळातल्या समोरासमोरच्या बाकांवर बसवलं होतं. वेगळी खोली मागितली तेव्हा एनसीसीच्या सामानाची खोली उघडून दिली गेली. असं कामकाज वरच्या कोर्टात टिकेल कसं?

आणि अहवाल दिल्यावर? 2025 साली ओडिशातल्या बालासोरला एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध लेखी तक्रार केली होती. समिती होती, चौकशीही झाली होती. तरी 12 जुलैला प्राचार्यांना भेटून आल्यावर तिने कॉलेजच्या आवारातच स्वतःला जाळून घेतलं आणि दोन दिवसांनी ती गेली. ज्या पोरीने प्रत्येक दरवाजा रीतसर ठोठावला तिच्यावर ही वेळ आली, हे आठवलं की माझा अजून संताप होतो.

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत अशासाठी, की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातल्या आमच्याच मराठी घरांतून मुली शिकायला जातात, आमच्याच घरांत बुऱ्हाणपूर-खरगोनच्या मुली भाड्याने राहतात, आणि "बोभाटा नको" हे वाक्य आमच्या माजघरातही तितक्याच जोराने ऐकू येतं. आयांनो, मुलीने काही सांगितलं तर आधी अर्जाची पोच घ्यायला लावा, बाकी मग बघू.

मंत्रिमहोदय, माझं मागणं पैशांचं नाही. एक आदेश काढा. अशी तक्रार कार्यालयात, वॉर्डनकडे किंवा विभागप्रमुखाकडे, कुठेही दिली तरी त्याच दिवशी तिच्यावर आवक क्रमांक पडावा, मुलीला पोच मिळावी आणि बंद पाकीट समितीच्या अध्यक्षांकडे जावं. कागद दाबून ठेवणाऱ्यावर विभागीय चौकशी लागावी. कुलगुरूंविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, त्या समितीचा पत्ता आणि फोन प्रत्येक होस्टेलच्या दारावर असावा. समितीत तीन विद्यार्थी निवडून आलेले असावेत असा नियम आहे, ते प्राचार्यांनी नेमायचे बंद व्हावेत. मुलीचं नाव झाकलेलंच राहिलं पाहिजे, पण किती तक्रारी आल्या, किती 90 दिवसांत निकाली निघाल्या आणि किती अहवालांवर 30 दिवस उलटूनही सही झाली नाही, हे आकडे दर वर्षी प्रत्येक कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर टाकावेत. शून्य तक्रारी लिहून देणाऱ्या कॉलेजकडे तर आधी माणूस पाठवा.

जुलैत नवं सत्र सुरू होतं. आदेश त्याआधी निघाला तर नव्या मुलींच्या प्रवेशाच्या कागदांबरोबरच त्याची प्रत त्यांच्या हातात देता येईल. छपाईचा मजकूर तयार करून द्यायला मी आणि माझ्या दोन सहकारी वकील तयार आहोत.

आपली,
एक वकील, इंदूर