पगारचिठ्ठीतील कपातींविषयी

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतील स्टुटगार्टहून पाठवलेली तुझी पहिली पगारचिठ्ठी आणि नोकरीच्या कराराचे भाषांतर, दोन्ही वाचले. पगारपत्रके करण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे ‘एवढे पैसे कुठे गेले’ हा प्रश्न मला नवा नाही. ब्रुटो म्हणजे ठरलेला पगार आणि नेटो म्हणजे हाती पडणारा. पण तुझ्या चिठ्ठीवर करवर्ग, म्हणजे कर किती कापायचा ते ठरवणारा गट, 6 दिसतो, तो अविवाहित व्यक्तीस 1 असायला हवा. पत्त्याची नोंदणी झाल्यावर टपालाने येणारा कर-क्रमांक तुझ्या रुग्णालयाकडे, म्हणजे मालकाकडे, पोचला नसेल, तर ते सर्वांत जड वर्ग लावतात. तो क्रमांक लगेच दे.

बाकीच्या कपातींवर मात्र रागावू नकोस. पेन्शन विम्यात पगाराच्या 18.6 टक्के भरले जातात आणि त्यातले निम्मे रुग्णालय भरते. हा आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखा स्वतःच्या खात्यातला साठा नव्हे. तेथे किमान 5 वर्षे वर्गणी भरल्यावर पेन्शनचा हक्क लागतो. भारत आणि जर्मनी यांच्यातील मे 2017 पासून लागू असलेल्या करारामुळे त्या 5 वर्षांसाठी इकडची वर्गणी भरलेली सेवाही धरता येते, म्हणून नागपूरच्या नोकरीतील पेन्शनची रक्कम घाईने काढून घेऊ नकोस. अपघात विमा चिठ्ठीत दिसणार नाही, कारण त्याची सगळी वर्गणी मालकच भरतो. कामावर जाता-येताना होणारा अपघातही त्यात येतो.

आजारी पडलीस तर पाळी सुरू होण्यापूर्वीच वॉर्डात कळव. आजार तीन दिवसांहून लांबला तर डॉक्टरचा दाखला लागतोच, आणि मालक तो आधीही मागू शकतो. नोकरीचे पहिले 4 आठवडे सोडल्यास, आजारपणातला पूर्ण पगार 6 आठवड्यांपर्यंत रुग्णालय देते. त्यानंतर क्रांकेनकासे, म्हणजे तुझी आरोग्य विमा संस्था, काही कमी रक्कम देते.

परिवीक्षेच्या, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या चाचणीच्या, 6 महिन्यांत दोन्ही बाजूंना 2 आठवड्यांच्या सूचनेने नोकरी संपवता येते. ती सूचना सहीसह कागदावरच हवी. ईमेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. असा कागद हाती आलाच, तर 3 दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदव आणि कामगार न्यायालयात जायचे असल्यास 3 आठवड्यांच्या आत जा. परस्पर संमतीने नोकरी सोडत असल्याच्या कागदावर मात्र तेथल्या तेथे सही करू नकोस, कारण त्याने काही काळ बेकारी भत्ता थांबू शकतो.

पुढची चिठ्ठी आली की पाठव. करवर्ग बदलला का, ते पाहते.

तुझी,
आई