उदारमतवादी, परंपरावादी आणि स्वभावाचे माप

संपादक महोदय,
'माणसाचा स्वभाव पाहा, राजकीय मत कळेल' हे विधान सध्या फार सैलपणे केले जाते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत नव्याची ओढ उदारमतवाद्यांत आणि शिस्त, नेटकेपणा परंपरावाद्यांत सरासरीने थोडा जास्त आढळतो, हे खरे. पण नव्याची ओढ आणि राजकीय मत यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे माप; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.१८, म्हणजे वर्ग केल्यास लोकांच्या मतांतला जेमतेम ३ टक्के फरक त्यातून उलगडतो. शिस्तीचा त्याहूनही कमी. इथल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात रोज नवा पदार्थ चाखणारा कोणाला मत देईल, हे त्यावरून सांगता येणार नाही!

अशा अभ्यासांतल्या चुकाही नोंदवायला हव्यात. २०१२ च्या एका गाजलेल्या अमेरिकी शोधनिबंधात राजकीय मतांना दिलेले सांकेतिक अंक उलटे पडले होते, म्हणजे उदारमतवादी उत्तरे परंपरावादी म्हणून मोजली गेली. काही निष्कर्षांची दिशाच फिरली आणि २०१६ मध्ये दुरुस्ती छापावी लागली. 'परंपरावादी धोक्याला अधिक दचकतात' हा २००८ चा निष्कर्ष अवघ्या ४६ जणांवर उभा होता. २०२० मध्ये मोठ्या नमुन्यावर तो टिकला नाही.

आपल्याकडे तर धर्म-रूढींबाबत जुन्या वळणाचा माणूस सरकारी अनुदानाचा कट्टर समर्थक असू शकतो. एकाच 'डावे-उजवे' पट्टीवर त्याला कुठे बसवणार? सामाजिक आणि आर्थिक मतांचे प्रश्न वेगळे विचारा, त्यांच्या उत्तरांचे गुणही वेगळे मोजा.

– एक वाचक, इंदूर