बाड बांधणीला गेले आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

औषधी वनस्पतींचे विज्ञान आणि इतिहास एकत्र शिकवणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची बातमी कालच्या अंकात वाचली. कल्पना उत्तम, समितीचे अभिनंदन. पण आराखडा नीट वाचला आणि अभिनंदन अर्धे परत घ्यावेसे वाटले. चार सत्रांत इतिहासाचा पेपर एकच, तोही ऐच्छिक! प्रवेशाला बी.एस्सी. किंवा बी.फार्म. सक्तीचे. इतिहासात बी.ए. झालेल्याने दारातूनच परत फिरायचे. आणि शिकवणार कोण? तासिका तत्त्वावरचे, दुसरे कोण!

पहिल्या तासाला चरक-सुश्रुतांना नमस्कार केला की इतिहास संपला, असा समितीचा समज दिसतो. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेने १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते काही प्रयोगशाळेत नवा शोध लागला म्हणून नाही. डॉ. माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख धुंडाळून पुढ्यात टाकले म्हणून.

माझे आजोबा वैद्यकी करीत. त्यांचे मोडीतले औषधांचे बाड घेऊन मी काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात गेले. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी दोन पाने उलटली आणि “मोडी आहे, इतिहासवाल्यांकडे द्या” म्हणून मोकळे झाले. इतिहासाच्या बाईंना मोडी छान येत होती. ‘कुड्याची साल तोळाभर, ताकात उगाळून, तीन दिवस’ असे घडाघडा वाचले आणि म्हणाल्या, “हा तर झाडपाला. यात इतिहास कुठे आहे?” अहो बाई, समासात आहे! औषध कोणाला दिले, बदल्यात किती भात आले, पटकीच्या साथीत कोणत्या वाडीत किती माणसे गेली, सगळे तिथे टिपलेले होते. शेवटी ग्रंथालयाने ठेवून घेतले. पोच मागितली तर म्हणे तसा छापील नमुना नाही. पुढे चौकशी केली तेव्हा बाड बांधणीला गेले होते. आजही ते बांधणीलाच आहे.

व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने १६७८ मध्ये ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाचा पहिला खंड ॲमस्टरडॅमला छापला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी अक्षरांत जसेच्या तसे घातले, इट्टी अच्युतन वैद्यांचेही घातले. एवढी पोच त्याने दिली. आमच्या विद्यापीठाकडे छापील नमुना नाही.

तेव्हा समितीने एवढे करावे: मोडी सक्तीची करावी आणि प्रवेश दोन्ही शाखांना खुला ठेवावा. मुलांना पुण्याच्या बीएसआयमध्ये (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये नेऊन वाळवलेले नमुने हाताळायला द्यावेत. उद्योगांशी सामंजस्य करार वगैरे मग सावकाश होतील.

जाता जाता आपल्याबद्दलही. बातमीसोबत ‘औषधी अशोक’ म्हणून जो फोटो छापला आहे, तो सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने लावतात त्या सरळसोट खोट्या अशोकाचा आहे. अशोकारिष्टाला साल लागते सीताअशोकाची, ज्याला शेंदरी फुलांचे घोस येतात तो. बाजारात भेसळ होते ती नेमकी या खोट्या अशोकाच्या सालीची, आणि आपण तिला पहिल्या पानावर जागा दिलीत! करोनाच्या काळात गुळवेलीच्या लेखावर भलत्याच वेलीचा फोटो आला होता, तेव्हाही मी पत्र पाठवले होते. दुरुस्ती छापून आली नाही. या वेळी तरी छापावी, आणि ती शब्दकोड्याच्या खाली बारीक टाइपात नको.

— एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी