धाग्याचा हत्ती की कापडाचा?

चि. राजास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले हत्तीचे चित्र मिळाले. नातीच्या गोधडीच्या मधोमध हा हत्ती मशीनवर भरावा, आणि तोही सोंडेपासून शेपटीपर्यंत पूर्ण भरीव, अशी तुम्हा दोघांची इच्छा आहे हे वाचून फार आनंद झाला. हत्ती मी नक्की करणार आहे. मात्र तो धाग्याने भरलेला नसेल, कापडाचा असेल आणि धागा फक्त त्याच्या कडेला असेल. असे का, ते तुला नीट सांगावेसे वाटले, कारण गेले काही महिने मी गोधड्या आणि मशीनवरचे भरतकाम ही दोन्ही कामे एकत्र करते आहे आणि त्यातून जे उमगले ते सगळे या हत्तीच्या कामी येणार आहे.

या दोन कामांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. गोधडी अंगावर सैल पडावी, घडी घालताना सहज वळावी, धुतल्यावर अधिक मऊ व्हावी, अशी आपली अपेक्षा असते. भरतकामाच्या मशीनला मात्र ताठ कापड लागते. मिनिटाला सहाशे-सातशे टाके पडत असताना ते जरासेही सरकून चालत नाही, म्हणून मागे स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार देणारा ताठ थर, लावून दोन्ही थर हूपमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत, घट्ट बसवावे लागतात. आता तुझ्या हत्तीचाच हिशेब मांडू. भरतकामाचा धागा बहुधा ४० नंबरचा असतो आणि भरीव आकारात दोन ओळींमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. २० सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद चौकोन भरायचा तर अशा ५०० ओळी होतात, म्हणजे नुसता वरचा धागाच १०० मीटर लागतो, आणि ४ मिलिमीटरचा टाका धरला तर २५,००० टाके पडतात. मशीनच्या खालच्या लहान रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, धागा, आधी घालावे लागणारे पायाचे टाके आणि या सगळ्यांचा भार पेलणारा स्टॅबिलायझर हे आणखी वेगळेच. हत्ती चौकोनापेक्षा लहान असल्यामुळे यातले थोडे कमी होईल हे खरे, पण गोधडीच्या नेमक्या मध्यावर, जिथे मूल पालथे पडून खेळणार तिथेच, पुठ्ठ्यासारखा कडक भाग तयार होईल.

दुसरी अडचण ओढीची आहे. प्रत्येक टाका थोड्याशा ताणात बसतो आणि ज्या दिशेने टाका जातो त्या दिशेने कापड आत ओढतो. म्हणूनच भरीव वर्तुळ शिवून झाल्यावर किंचित लंबगोल दिसते, आणि आराखडा तयार करतानाच आकार टाक्याच्या दिशेने थोडा रुंद ठेवून ही ओढ भरून काढावी लागते. गोधडीचा चौकोन आधी मापात कापला आणि नंतर त्यावर भरतकाम केले, तर मशीनवरून उतरलेला तुकडा चौकोन राहत नाही. त्यामुळे माझ्या कामाचा क्रम आता पक्का ठरला आहे. कापड चारही बाजूंनी ऐसपैस घ्यायचे, त्यावर भरतकाम करायचे, जादा स्टॅबिलायझर काढायचा, जाड टॉवेलवर उलटे ठेवून इस्त्रीने दाबायचे, आणि मगच पारदर्शक पट्टीची मधली रेघ चित्राच्या मध्यावर ठेवून चौकोन कापायचा.

पक्ष्यांची गोधडी मी याच क्रमाने पूर्ण केली. तिचे फोटो तू पाहिले आहेस, पण फोटोत टाके दिसत नाहीत म्हणून लिहिते. त्यातले सगळे पक्षी एकाच लाल धाग्याने आणि केवळ रेषेने काढलेले आहेत, कुठेही भरीव काम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत अशा लाल रेषाकामाच्या गोधड्या फार लोकप्रिय झाल्या होत्या, कारण टर्की रेड या रंगाचे सूत धुण्यात रंग सोडत नसे. आता कोणताही पक्का रंग सहज मिळतो, तरी मी लालच निवडला, कारण पांढऱ्यावर एकच रंग असला की नजर रेषेवर खिळते. रेषा नुसत्या धावदोऱ्याची असेल तर बारीक दिसते, म्हणून मी तिहेरी टाका वापरला. त्यात सुई एक टाका पुढे, तोच मागे आणि पुन्हा पुढे जाते, आणि रेष हाताने उठवल्यासारखी भरदार होते. खंड्याच्या चोचीच्या टोकाशी मात्र फार जपावे लागले. तिथे दोन रेषा अगदी अरुंद कोनात मिळतात, त्यामुळे तिहेरी टाक्यांची सगळी छिद्रे एकाच ठिकाणी पडतात, आणि सुई तिथेच पुन्हा पुन्हा शिरली तर कापडाचे धागे तुटून भोक पडते. म्हणून आराखड्यात एक रेष टोकापर्यंत नेली आणि दुसरी अर्धा मिलिमीटर अलीकडेच थांबवली. लांबून चोच अखंड आणि टोकदार दिसते, आणि कापडही शाबूत राहते. अशा हलक्या कामाला फाडून काढता येणारा स्टॅबिलायझर पुरतो. फाडताना टाक्यांवर बोट दाबून धरले की रेषेला ओढ बसत नाही, आणि गोधडी मऊ राहते.

मशीन सगळे आपोआप करते तर तुला काय करावे लागते, असे तू विचारले होतेस. हे चोचीचे अर्धा मिलिमीटर हे त्याचे उत्तर आहे. तू पाठवलेले चित्र मशीनला कळत नाही; सुई कुठे शिरावी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कोनात, हे कोणीतरी आधी ठरवून द्यावे लागते. स्वित्झर्लंडच्या आयझाक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये सलग धागा आणि धोटा वापरणारे शिफ्ली भरतकाम यंत्र घडवले, तेव्हा ते चालवणारा कारागीर मोठा करून काढलेल्या नक्षीवरून एकेक टाका हाताने फिरवत नेत असे. पुढे १८९८ मध्ये त्यांच्याच मुलाने, योझेफ आर्नोल्ड ग्रोब्ली यांनी, छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून आपोआप चालणारे यंत्र केले. वडिलांच्या यंत्राला मुलाने दिलेली ही जोड मला फार भावते. कारागिराचे कसब त्यामुळे संपले नाही. ते शिवणीच्या आधीच्या टप्प्यावर, पट्टी तयार करण्यात गेले. आज मी संगणकावर जे करते ते त्याच जातीचे काम आहे.

मधल्या काळात लॉग केबिन नावाच्या पट्ट्यांच्या रचनेची मोठी गोधडीही पूर्ण झाली. तिच्यात भरतकाम अजिबात नाही, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात लिहिते. मधोमध लहान चौकोन, त्याभोवती एकामागून एक पट्ट्या, दोन बाजूंना फिकट आणि दोन बाजूंना गडद, अशी तिची रचना असते. तयार चौकोन वेगवेगळ्या दिशांनी वळवून मांडले की त्याच पट्ट्यांतून तिरक्या रेघा किंवा मोठे हिरे उभे राहतात. सगळा भार शिवणीच्या मायेवर, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडावर, असतो. ती पाव इंचाची ठेवायची, म्हणजे सहा इंचांचा तयार तुकडा हवा असेल तर साडेसहा इंचांचा कापायचा. एका रांगेत दहा तुकडे असले की नऊ शिवणी येतात, आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंची माया केवळ एक-एक मिलिमीटर जास्त गेली तरी रांग १८ मिलिमीटरने आखडते. मी माया पाव इंचापेक्षा धाग्याच्या जाडीइतकी कमी ठेवून टीप मारते, कारण शिवण एका बाजूला दुमडताना तेवढे कापड घडीत जाते. ओलफा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये फिरत्या पात्याचे कटर आणले, आणि त्यामुळे एकावर एक ठेवलेल्या कापडांतून एकसारख्या पट्ट्या कापता येऊ लागल्या. माझ्या हातून जी अचूकता येते तिचे बरेच श्रेय त्या अवजाराला आहे. तरीही अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंडच्या स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्या मी पुन्हा पुन्हा पाहते. त्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले होते. त्यांच्या पट्ट्या सरळ नाहीत, चौकोन चौकोनी नाहीत, आणि तरी नजर हलत नाही. अशी रचना करण्याचे धाडस माझ्यात अजून आलेले नाही, पण नातीच्या गोधडीची किनार तरी थोडी मोकळी ठेवावी असे मनात आहे.

आता हत्तीविषयी. तो अ‍ॅप्लिक पद्धतीने, म्हणजे वरून कापडाचा तुकडा ठेवून त्याच्या कडा शिवून, करायचा असे मी ठरवले आहे. मशीन पहिल्यांदा पायाच्या कापडावर हत्तीची नुसती बाह्यरेषा शिवेल. त्या रेषेवर मी करड्या रंगाचे सुती कापड ठेवीन, त्याचा उभा धागा खालच्या कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवून, कारण कापड उरेब, म्हणजे तिरके, लागले की कडा ताणल्या जातात आणि धुतल्यावर हत्तीला चुण्या पडतात. मग मशीन दुसरी टीप मारून ते कापड पक्के करील, मी हूप मशीनवरून काढून, पण कापड हूपमधून न काढता, वाकड्या टोकाच्या कात्रीने टिपेलगतचे जादा कापड कापीन, आणि शेवटी कडेवरून साटिन टाका, म्हणजे एकमेकांना लागून पडणारे दाट आडवे टाके, फिरेल. हत्तीची कड ८० सेंटिमीटर धरली तर या काठाला सुमारे ४,००० टाके लागतील. मघाचे २५,००० आठव म्हणजे फरक लक्षात येईल. अंगाचे कापड मोकळे आणि मऊ राहील. तेही जपण्यासाठी इस्त्रीने चिकटणारे फ्युजिंग मी अखंड लावणार नाही, मधला भाग कापून काढून कडेपुरते ठेवीन. आणि शिवून झाल्यावर मागच्या बाजूने हत्तीच्या पोटाखालचे पायाचे कापड आणि स्टॅबिलायझर काठापासून थोडे अंतर सोडून कापून टाकीन. साटिन काठाखाली मात्र कापून उरणारा, पातळ जाळीचा स्टॅबिलायझर कायम राहील, कारण दाट टाक्यांना धुण्यातही आधार लागतो. डोळा, नखे आणि कानाची घडी एवढ्याच गोष्टी धाग्याने होतील.

साटिन काठ बरा बसला की नाही हे मी नेहमी उलट्या बाजूने पाहते. ताण बरोबर असेल तर मागे मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा धागा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वरचा रंगीत धागा वळून आलेला दिसतो. मागे पांढरे अजिबात दिसले नाही तर वरचा ताण सैल आहे, आणि पुढच्या बाजूला पांढरे ठिपके डोकावू लागले तर तो जास्त आहे. पुढून काम कितीही देखणे दिसो, मागची ही पांढरी पट्टी जागेवर असल्याशिवाय मी पुढे जात नाही.

वरचा थर, मधली बॅटिंग (म्हणजे आतला मऊ भरणीचा थर) आणि अस्तर एकत्र शिवताना पुन्हा तोच मऊ आणि ताठ यांचा प्रश्न उभा राहतो. हत्तीवरून आडव्या-उभ्या टिपा मारल्या तर साटिनचे धागे तुटतात आणि जाड जागी सुई वाकते. हत्ती तसाच सोडून बाकी गोधडी दाट शिवली तर तो फुगून वर येतो. म्हणून हत्तीच्या कडेपासून काही मिलिमीटर अंतर सोडून त्याच्याच आकाराची एक टीप फिरवायची, मग तिच्याबाहेर तशीच आणखी एक, आणि अंगावर फक्त कानाच्या व पायाच्या रेषेने हलकी शिवण घालायची, असे योजले आहे. भरतकामाला ७५ नंबरची सुई वापरते, म्हणजे पात्याचा व्यास ०.७५ मिलिमीटर, तीन थरांसाठी ९० नंबरची लावीन, आणि वरचा थर मागे राहू नये म्हणून त्यालाही खालच्या थराबरोबर पुढे सरकवणारा मशीनचा पाय, म्हणजे वॉकिंग फूट, बसवीन. धागा पॉलिएस्टरचा घेतला आहे. रेयॉनची चमक अधिक सुंदर असते, पण ओला झाल्यावर तो कमजोर होतो, आणि ही गोधडी वारंवार धुतली जाणार आहे. बॅटिंग सुती असल्यामुळे पहिल्या धुण्यात ती तीन ते पाच टक्के आखडेल आणि सगळ्या गोधडीवर बारीक सुरकुत्या येतील. त्या मला हव्याच आहेत, तू काळजी करू नकोस. गार पाण्यात, सौम्य साबणाने आणि ब्लीच न घालता धुवावी, आणि इस्त्री करायची तर उलट्या बाजूने करावी. आणखी एक गोष्ट आवर्जून लिहिते. एक वर्षाच्या आतल्या मुलाच्या झोपण्याच्या जागेत सैल पांघरूण ठेवू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा तोवर ही गोधडी जमिनीवर अंथरून खेळण्यासाठीच वापरा, तीही कोणीतरी समोर बसलेले असताना.

हत्तीच्या कानाला आतून कोणता रंग हवा ते सूनबाईंना विचारून कळव. माझ्याकडे फिकट गुलाबी आणि मोहरीच्या फुलाचा पिवळा असे दोन्ही सुती तुकडे आहेत, आणि करड्याशेजारी मला पिवळा अधिक उठावदार वाटतो. खेळायच्या जागेची लांबी-रुंदीही मोजून पाठव, म्हणजे किनारीच्या पट्ट्या त्या मापाने कापता येतील. हत्तीची सोंड वर हवी की चित्रात आहे तशी खाली, हेही लिही, कारण आराखडा करायला मी या आठवड्यातच बसते आहे.

कळावे,
तुझी आई